विषय माझा, खुर्ची कुणाची?

चार बायका जमल्या की विषय निघायला वेळ लागत नाही. खरी पंचाईत पुढे असते. जिनं विषय काढला, तिनंच ‘तू बोल, तू थांब’ म्हणायचं का? वरवर पाहता प्रश्न किरकोळ आहे. पण त्यापायी एखादीची गोष्ट तिच्या मनातच राहून जाते, हे मी आमच्या महिला मंडळात पाहिलं आहे.

आमच्याकडे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चर्चा असते. जिचा विषय तिनंच चर्चा चालवायची, हा जुना रिवाज. सोयीचाही होता. विषय काढणारीची तयारी झालेली असते आणि बोलणं भिशीवर किंवा भाजीच्या भावावर गेलं तर तीच सगळ्यांना मुद्द्यावर आणते.

गेल्या वर्षी एका मैत्रिणीनं विषय मांडला, ‘माहेरच्या मिळकतीत बहिणीनं वाटा मागावा का?’ तिचं स्वतःचं मत ठाम होतं. मागू नये, चार पैशांपायी माहेर तुटतं. दोघीतिघींनी तिचीच री ओढली, त्यांना तिनं हवा तेवढा वेळ दिला. मग एरवी फारसं न बोलणाऱ्या एक काकू उभ्या राहिल्या. “मी हक्कसोडपत्रावर सही दिली, त्यानंतर...” एवढंच त्या म्हणाल्या, तोच मैत्रीण म्हणाली, “काकू, घरचं नको, विषयाला धरून बोला.” काकू खाली बसल्या. पुढचे दोन शनिवार त्या आल्याच नाहीत.

मैत्रीण मनानं वाईट नाही हो. पण आपण मांडलेला विषय म्हणजे आपलं लेकरू. मग आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे ओघानं आलंच. आपल्या बाजूचं बोलणं कितीही लांबलं तरी मुद्द्याचं वाटतं आणि विरुद्ध बाजूचं पहिलंच वाक्य विषय सोडून वाटतं.

कुणी म्हणेल, पण जिनं आपलं दुखणं चारचौघींत मांडलं, तिच्या हाती काही दोरी नको का? हवी असं मलाही वाटे. पण त्याच्याच आदल्या वर्षी एका सुनेनं नवऱ्याच्या दारूचा प्रश्न काढला होता. रिवाजाप्रमाणं चर्चाही तिनंच चालवायची. “तूच कुठं तरी कमी पडत असशील,” असं एकीनं सुनावलं, दुसरीनं मान डोलावली. ‘माझ्याविषयी असं बोलू नका’ हे ती बिचारी कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणजे ठाम बाई खुर्चीवर असली तर दुसऱ्यांचं तोंड बंद होतं आणि भिडस्त बाई असली तर तिचं स्वतःचंच.

मोठ्या सभांनी हे केव्हाच ओळखलं आहे. लोकसभेच्या अध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा ठराव चर्चेला असेल, तर त्या वेळी त्यांनी सभा चालवायची नाही, असं आपल्या राज्यघटनेचं ९६ वं कलम सांगतं. त्यांना बोलता मात्र येतं. डिसेंबर १९५४ मध्ये ग. वा. मावळंकरांविरुद्ध असा ठराव आला, तेव्हा खुर्चीवर उपाध्यक्ष होते. ठराव फेटाळला गेला, पण आपल्याच प्रकरणात लगाम आपल्या हाती नसावा हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

मी मंडळात हेच सुचवलं. थोडी कुरकुर झाली, पण ठरलं. विषय मांडणारीनं पहिल्यांदा बोलावं आणि शेवटी सगळ्यांना उत्तर द्यावं. मधली खुर्ची दुसरीची. खुर्चीवरच्या बाईनं तीनच गोष्टी थांबवायच्या: हजर नसलेल्या बाईचं नाव घेणं, कुणाला घालूनपाडून बोलणं आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलणं. ‘मला पटत नाही’ हे बोलणं मात्र थांबवायचं नाही.

मग काकूंना घरी जाऊन बोलावून आणलं आणि तोच विषय पुन्हा घेतला. या वेळी काकूंचं वाक्य पुरं झालं. “सही दिली त्यानंतर तीन वर्षं भाऊबीजेचं बोलावणं आलं, मग तेही थांबलं. सहीनं माहेर टिकतं हे मला तरी दिसलं नाही.” दुसरीनं वाटा घेतला होता, तिचा भाऊ अजून येतो-जातो. तिसरीचा येत नाही. एकीनं आठवण दिली की २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही जन्मानं मुलाइतकाच हक्क मिळाला आहे, तेव्हा वाटा ही भावाची मेहेरबानी नव्हे. शेवटी मैत्रीण उत्तराला उठली. “माझं मत तेच आहे,” म्हणाली, “पण भावानं पाठवलेले कागद माझ्या कपाटात आहेत. सही करण्याआधी ते वकिलाला दाखवीन.”

त्या कागदांबद्दल आम्हांला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचं पुढं काय करायचं, हे तिचं तिनं ठरवावं.

तुमच्या मंडळात, भजनी मंडळात किंवा सोसायटीच्या बैठकीत असा एखादा नाजूक विषय निघणार असेल, तर आधी एवढं करा: विषय मांडणारीच्या शेजारी दुसरी खुर्ची ठेवा आणि तिच्यावर, जिचं त्या प्रश्नात काही अडकलेलं नाही, अशी बाई बसवा.