शंट कोणता बसवायचा?

"डॉक्टर, भारीतला भारी शंट बसवा, पैशाचं आम्ही बघतो." तान्ह्या बाळाच्या डोक्यात पाणी झालंय हे कळल्यावर बाप बहुतेक वेळा हेच म्हणतो. त्याची तगमग खरी असते, पण बाळाचं भवितव्य शंटच्या, म्हणजे डोक्यातलं पाणी पोटात नेणाऱ्या नळीच्या, किमतीवर ठरत नाही. शाहजहानपूरला बनणारा आपला छाब्रा शंट आणि कित्येक पट महाग परदेशी शंट यांची तुलना अमेरिकन सर्जन बेंजामिन वॉर्फ यांनी युगांडात केली. २००५ साली निष्कर्ष आले. वर्षभरानंतर दोन्हींत फरक नव्हता.

फरक पडतो तो शंट बसवण्यात. दिवसाची पहिली केस हीच घ्यायची. थिएटरमध्ये मोजकी माणसं, दार बंद. शंटचं पाकीट आधी फोडून ठेवायचं नाही आणि त्याला हात लावण्यापूर्वी वरचे ग्लोव्हज बदलायचे. तान्ह्याची कातडी इतकी पातळ, की कानामागून निघालेला टनेलर, म्हणजे कातडीखालून नळीची वाट करणारी सळई, मानेतून छातीवर सरकताना बाहेरून दिसतो. हात जरा खोल गेला तर फुप्फुसाला धोका, जरा वर आला तर कातडी फाटते. मग नळीच्या खालच्या टोकाकडे बघत थांबायचं. स्वच्छ पाण्याचे थेंब एकामागून एक पडताना दिसल्याशिवाय मी नळी पोटात सोडत नाही. शिकाऊ डॉक्टर घाई करतात ते इथेच, आणि मी चिडतो तोही इथेच. आत नळी भरपूर लांब सोडतो, मूल वाढणार असतं.

शंटला पर्यायही आहे: दुर्बिणीतून मेंदूतल्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला भोक पाडून पाण्याला वाट करून देता येते. मधला मार्ग अडलेला असेल आणि मूल वर्षावरचं असेल, तर मी आधी त्याचाच विचार करतो, कारण शरीरात काही ठेवावं लागत नाही. अगदी लहान बाळांत ते भोक बरेचदा टिकत नाही. टिकलं तरी पुढे कधीतरी अचानक बुजू शकतं. शंटचं म्हणाल तर मुलांतले जवळपास निम्मे पहिल्या दोन वर्षांत बिघडतात.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी आईचा हात बाळाच्या टाळूवर ठेवायला लावतो. बाळ शांत असताना ती किती मऊ लागते, हे तिच्या बोटांना कळायला हवं. टाळू फुगली, उलट्या लागल्या, बाळ सुस्त पडलं किंवा ताप आला, तर रात्र असली तरी निघायचं. सोबत गावातल्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी देतो: शंटचं बाळ आहे, उलट्यांचं औषध देऊन थांबवून ठेवू नका, लगेच पाठवा.