गवतावरचा बर्फ, टेकडीवरचा दगड

जबलपूरला बर्फ पाहायचा तर पहाटे गवतापाशी वाकावं लागतं. जानेवारीत थंडीची लाट आली, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की मदनमहालच्या टेकडीखालच्या खोलगट माळावर क्वचित दव गोठतं. इकडे सगळे ‘पाला पडला’ म्हणतात. पारा तीन-चार अंशांवरच असतो. पण गवताची पाती रात्रभर आपली ऊब आभाळाकडे सोडत हवेपेक्षाही गार पडतात आणि हिमकण धरतात. शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण तूर आणि वाटाणा एका रात्रीत करपतो. अशा रात्रीची वाट पाहणारा मी म्हणजे जरा निर्लज्जच.

पोटावर आडवं व्हायचं, भिंग पात्याला भिडेल इतकं जवळ न्यायचं आणि श्वास रोखायचा, नाहीतर आपल्याच वाफेनं सगळं धूसर. पात्याच्या मधल्या शिरेवर कण तुरळक असतात, कडेला मात्र पांढऱ्या सुया दाटीनं उभ्या. कॅमेरा इतका पांढरा रंग पाहून बिचकतो आणि त्याला राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवून ठेवावं. तिरपं ऊन आलं की सुईसुईला सावली फुटते आणि त्याच उन्हानं टोकं विरघळू लागतात. फिरायला आलेलं कुणी थांबून विचारतं, “भैया, घास की फोटो?” हो म्हणायचं आणि पुढचं पातं शोधायचं.

शेजारचा ग्रॅनाइट कोरडाच. दिवसाचं ऊन त्यानं पोटात राखलेलं असतं, कण धरायला तो गवताइतका गार होतच नाही. मदनमहाल किल्ल्याच्या वाटेवरचा बॅलन्सिंग रॉक तर प्रसिद्धच आहे. 22 मे 1997 च्या भूकंपात शहरातली घरं कोसळली, हा धोंडा जागचा हलला नाही. भेगांतून पाणी मुरत, कोपरे झिजत इथले धोंडे असे गोलटले. त्यात बर्फाचा हात नाही.

बर्फाचं खरं राज्य या मुलखावर होतं ते सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी. गोंडांच्या मुलखावरून भूवैज्ञानिक मेडलिकॉटनं 1872 मध्ये इथल्या खडकांना ‘गोंडवाना’ नाव दिलं आणि पुढे ते अख्ख्या महाखंडाला लागलं. त्या महाखंडावरून हिमनद्या सरकल्या. त्यांनी घासून गुळगुळीत केलेली, ओरखड्यांनी भरलेली खडकाची फरशी चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ आहे. फेडन या भूवैज्ञानिकानं 1870 च्या दशकात ती नोंदवली. तिथले ओरखडे टिपायलाही सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊनच हवं, भर दुपारी ते फोटोत उमटत नाहीत.

पाहुणे येतात ते भेडाघाटचे संगमरवरी कडे टिपायला. जरूर टिपा, पण थंडीच्या लाटेत आलात तर एक पहाट या माळाला द्या. सातच्या आत पोचा, कानटोपी घाला, बॅटरी खिशात उबेला ठेवा. आठनंतर नुसतं ओलं गवत मिळेल.