ब्रशवाला सैनिक

क्षेपणास्त्र हा मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने तसा कंटाळवाणा विषय. लांबट नळकांडं, पुढे टोक, मागे चार पंख, संपलं. मजा आहे ती त्याला पाठीवर घेऊन फिरणाऱ्या गाडीत. म्हणून सोव्हिएत स्कड-बीचं १/३५ मापाचं किट उघडलं की मी आधी मिन्स्कच्या कारखान्यातली ती आठचाकी माझ-५४३ बघतो. तिला दोन केबिन आहेत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, मधे मोकळी फट. आर-१७, म्हणजे स्कड-बीचं क्षेपणास्त्र, सव्वाअकरा मीटर लांब. आडवं ठेवलं की त्याचं टोक बरोबर या फटीत येतं. ड्रायव्हर आणि पलीकडच्या केबिनमधला त्याचा सोबती यांच्यामधे सगळा प्रवास ते टोक. गाडी ओढायला ५२५ अश्वशक्तीचं बारा सिलिंडरचं डिझेल इंजिन, टी-३४ रणगाड्याच्या इंजिनाच्या घराण्यातलं. एवढा दणकटपणा, आणि केबिन मात्र फायबरग्लासच्या! म्हणजे त्यांच्यावर गंजाचे ओघळ रंगवायचे नसतात. तरी बरेच जण हौसेने रंगवतात.

१/३५ हे प्रमाण तरी कुठून आलं? १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामियाने पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, त्यात मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. जे माप बसलं ते १/३५ होतं. त्या बॅटऱ्यांच्या सोयीने आजही जगभरचे लष्करी मॉडेलवाले चालतात. या हिशोबाने माझी गाडी क्षेपणास्त्रासकट जेमतेम ३८ सेंटिमीटर भरते. क्षेपणास्त्र उभं केलेलं नाट्यमय दिसतं खरं, पण कपाटाच्या फळीत मावत नाही. मी ते आडवंच ठेवतो.

खरी परीक्षा चासीची. आठही चाकं एकाच वेळी जमिनीला टेकली पाहिजेत. त्यासाठी टेबलाच्या लाकडावर भरवसा ठेवायचा नाही, जाड काचेच्या तुकड्यावर बसवून बघायचं. गोंद इथे चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवून दोन भागांचा एक करतो. त्यामुळे तो ओला आहे तोवरच काय ते हलवून घ्यायचं. पुढचे दोन्ही ॲक्सल वळतात आणि सर्वांत पुढची चाकं दुसऱ्या जोडीपेक्षा जास्त वळतात. चारही चाकं एकाच कोनात लावली की गाडी बघताक्षणी खोटी वाटते, का ते मात्र बघणाऱ्याला सांगता येत नाही. टायर व्हिनाइलचे असले तर आणखी एक काळजी: त्यांच्यातला मऊपणा आणणारा पदार्थ वर्षानुवर्षं पाझरत राहतो आणि आतल्या प्लॅस्टिकच्या रिमा खातो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी तो धोका पत्करत नाही. रिमांना आधी रंगाचा जाड थर देतो, मगच टायर चढवतो.

मग नळकांडं. ते दोन अर्ध्या भागांत येतं आणि जोडल्यावर टोकापासून शेपटापर्यंत सरळ सांधा दिसतो. पुट्टी भरायची, वॉटर पेपरने घासायचं, प्रायमर मारायचा, दिवा आडवा धरून बघायचं. सांधा पुन्हा दिसतो. पुन्हा पुट्टी. जास्त घासलं तर गोलाई जाऊन तिथे सपाट पट्टी पडते. डोळ्यांपेक्षा नखाला हे आधी कळतं. पावसाळ्यात मी रंगफवारणी बंदच ठेवतो. मुंबईच्या दमट हवेत लॅकरवर पांढरी झाक येते, ती जाता जात नाही. तेवढ्या दिवसांत ब्रशची कामं. मळकटपणासाठी महागड्या आयात बाटल्या मिळतात, पण कॅमलिनच्या तैलरंगातला बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमधे पातळ करून खाचांत सोडला की तेवढंच काम होतं.

या सांध्यापाशी बसलो की इराकचं अल-हुसेन क्षेपणास्त्र आठवतं. मूळ आर-१७चा पल्ला सुमारे ३०० किलोमीटर. इराकी सरहद्दीवरूनही तेहरान त्याच्या टप्प्याबाहेर. म्हणून इराकने क्षेपणास्त्रं कापली, इंधनाच्या टाक्या लांबवल्या, स्फोटकांचं वजन कमी केलं आणि इराण-इराक युद्धात, १९८८मधे, तेहरानवर मारा केला. एका क्षेपणास्त्रासाठी टाक्यांचे भाग दुसऱ्यातून काढले. आमच्या भाषेत याला कन्व्हर्जन म्हणतात. मलाही अल-हुसेन करायचं तर किटमधलं नळकांडं कापून मधे तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा घालावा लागतो. फरक इतकाच की त्यांचं वाढवलेलं क्षेपणास्त्र वातावरणात परतताना पुष्कळदा तुटायचं आणि नेम किलोमीटर-दोन किलोमीटरने चुकायचा. मी इथे अर्ध्या मिलिमीटरसाठी जीव काढतो. नेम नसलेलं शस्त्र शहरावरच टाकतात, आणि कधी ते अचानक लागतंही. २५ फेब्रुवारी १९९१ला सौदी अरेबियातल्या धाहरानमधे एक अल-हुसेन अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं. २८ जण मेले. तुला अशा वस्तूचा लळा कसा लागतो, असं घरात विचारतात. लळा गाडीचा आहे, हे माझं उत्तर मलाही पूर्ण पटत नाही.

१९९१च्या त्याच आखाती युद्धात ही लाँचर गाडी शोधण्यासाठी अमेरिकी आणि मित्रराष्ट्रांच्या विमानांनी आकाश पिंजून काढलं. वैमानिकांनी कितीतरी लाँचर उडवल्याचं कळवलं. युद्धानंतर अमेरिकी हवाई दलानेच करवलेल्या सविस्तर पाहणीत मात्र एकाही फिरत्या लाँचरचा नाश निर्विवाद सिद्ध झाला नाही. जे उडवले त्यांत टँकर होते, साधे ट्रक होते आणि इराकने मांडून ठेवलेल्या नकली गाड्या होत्या. त्यांतल्या काही पूर्व जर्मनीच्या बनावटीच्या. साधारण २५ यार्डांपलीकडून त्या खऱ्यापासून वेगळ्या ओळखू येत नसत.

हा आकडा वाचल्यावर मी लगेच कागद ओढला. २५ यार्ड म्हणजे २३ मीटर, भागिले ३५, म्हणजे सुमारे ६५ सेंटिमीटर. माझ्या टेबलापलीकडे उभा राहिलेला पाहुणा मॉडेल बघतो ते साधारण याच अंतरावरून! त्या नकली गाड्यांच्या कारागिरांनी जे अंतर मनात धरलं तेच नकळत मीही धरत होतो. लांबून रंग फिकट दिसतो, म्हणून मूळ हिरव्यात थोडा पांढरा मिसळायचा. सावल्या मात्र किंचित गडद. केबिनच्या आतल्या काट्यांच्या तबकड्या मी पूर्वी भिंगाखाली रंगवायचो. आता सोडून दिल्या. तो वेळ चाकांना देतो, कारण डोळा आधी चाकांवर जातो.

सध्या डोक्यात घोळतंय ते वेगळंच. त्या नकली लाँचरचंच मॉडेल करायचं. अडचण अशी की ते चोख जमलं तर ६५ सेंटिमीटरवरून खरंच वाटणार, आणि मग ते नकली असल्याचं लोकांना कळणार कसं? खाली पाटी लावणं म्हणजे हरल्यासारखं. मुद्दाम ओबडधोबड करावं तर मूळ कारागिरांवर अन्याय. मला सुचलेला तोडगा असा: गाडीच्या पुढ्यात एक सैनिक उभा करायचा, हातात रंगाचा डबा, दिव्यांच्या काचा रंगवत असलेला. १/३५ मापात बंदूकवाले सैनिक ढिगाने मिळतात. एकाची बंदूक कापायची, स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या काडीचा, तुकडा मेणबत्तीवर तापवून केसाएवढा ताणायचा आणि त्याच्या मुठीत ब्रश म्हणून बसवायचा.