हिरवा गंज

घरी रसायनं करणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फार वाईट होतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. बाटलीवर लेबल, लेबलवर शुद्धतेची टक्केवारी आणि बाटली कुलपात, एवढ्याला मी शास्त्र समजत होतो. बादलीत दोन खिळे सोडून, त्यांना मोबाइलचा चार्जर जोडून कुणी ‘आयर्न ऑक्साइड केलं’ म्हणालं की मला हसू यायचं. गंजच तो, पावसाळ्यात गेटवर फुकट मिळतो! पण खरं सांगायचं तर त्या हसण्यात थोडी धास्तीही होती. हे असं कुणालाही परसात जमायला लागलं, तर माझ्या खिशातल्या किल्लीचा रुबाब तो काय राहणार?

माझी धाकटी बहीण मालवणजवळ राहते, मातीची भांडी करते. तिला गेरू हवा होता. बाजारातून आणलेला गेरू ओल्या हाताला गुलाबी लागायचा आणि भट्टीत त्याचा रंग उडायचा. लोखंडाचा लाल रंग असा उडत नाही, म्हणजे त्यात दुसरंच काहीतरी कालवलेलं असणार. गेरूचा खरा लालपणा फेरिक ऑक्साइडचा. जांभ्याचा, गोवा-कोकणातल्या देवळांवरच्या कावी चित्रांचा, वारली चित्रं काढतात त्या भिंतींचाही तोच. मी म्हणालो, पुण्याहून बाटली पाठवतो. त्यावर ती म्हणाली, “दादा, विकतच आणायचं तर तू कशाला हवास?”

हे मला लागलं. मग केवळ तिला गप्प करायला मी तिच्याच परसात प्रयोग मांडला. प्लास्टिकची बादली, लोखंडी सळईचे दोन तुकडे, पाच व्होल्टचा जुना चार्जर. अवजारांवरचा गंज विजेनं काढायच्या कृतीत पाण्यात धुण्याचा सोडा घालतात, म्हणून मीही सोडाच घातला. रात्रभर बुडबुडे आले. सकाळी पाणी नितळ, सळई तशीच. मी व्होल्टेज, अंतर, तारा असं काहीबाही बोलत होतो. ती भांडी घासता घासता म्हणाली, “मीठ टाकून बघ ना. इथं खिडकीचे गज खारा वाराच खातो.”

तिला समजावायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. अल्कधर्मी पाण्यात लोखंडावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि त्याआड लोखंड सुरक्षित राहतं. क्लोराइड आयन तो थर फोडतात. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. पोरांना पाठ करायला लावत होतो. पण किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला जे खिडकीकडे बघून कळतं, ते मला बादलीपुढे उभं राहून आठवलं नाही. मग मी शिकवत तरी काय होतो?

मीठ पडलं आणि थोड्याच वेळात धन टोकाकडच्या सळईपासून ढगासारखं काहीतरी सुटायला लागलं. मी तांबूस तपकिरी रंगाची वाट बघत होतो. आला तो हिरवा, मळकट, काळपटाकडे झुकणारा. पहिला विचार आला: चुकलं. तरी तो गाळ फडक्यावर ओतला आणि तिथंच बसलो. दुसरं काही काम नव्हतं म्हणून बसलो, कुतूहलानं नव्हे. फडक्याच्या कडेला, जिथं थर पातळ होता, तिथं हिरव्यात नारिंगी छटा उमटली. ती हळूहळू आत सरकली. मधे कुठे काळं, कुठे हळदीसारखं. काठीनं हलवलं की खालचा हिरवा वर यायचा आणि हवा लागली की तोही पालटायचा.

विरघळलेल्या लोखंडाचं आधी जे फेरस हायड्रॉक्साइड बनतं, ते अगदी शुद्ध असेल तर पांढरं असतं. जो हिरवा रंग आपण त्याची ओळख म्हणून शिकवतो, तो हवेनं त्याला आधीच गाठल्याची खूण असते. शास्त्रातही या मधल्या अवस्थेला हिरवा गंज म्हणतात. आणि मला प्रयोगवह्या आठवल्या. ‘हिरवा अवक्षेप, कडेनं तपकिरी होतो’ असं लिहिणारी पोरं दरवर्षी एखाद-दुसरी निघायची. मी त्यावर काट मारायचो. एकच रंग लिहा, म्हणायचो. त्यांनी परीक्षानळीत पाहिलं होतं, मी फक्त उत्तरपत्रिकेत पाहत होतो.

पुढचं सोपं होतं. गाळ वारंवार धुऊन मीठ काढलं आणि वाळवला, तेव्हा हाती पिवडीसारखी पूड आली. जुन्या तव्यावर ती भाजली, तिच्यातलं पाणी गेलं आणि ती लाल झाली. एक अँपिअर विजेनं तासाला साधारण एक ग्रॅम लोखंड विरघळतं, म्हणजे दहा तासांत सुमारे पंधरा ग्रॅम लाल ऑक्साइड व्हावं. फॅरेडेचा हा हिशेब मी शेकडो वेळा घातला असेन, पण त्या ग्रॅमांना कधी रंग नव्हता.

ज्या गंजाला मी हसत होतो, तो पाण्यातलं आर्सेनिक धरून ठेवतो. मुंबईत शिकून बर्कलीला गेलेले भौतिकशास्त्रज्ञ अशोक गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गुणावर यंत्रणा उभी केली. पाण्यात पोलादी पट्ट्या, थोडी वीज आणि तोच गंज. पश्चिम बंगालमधल्या धपधपीच्या शाळेत त्यांचं दिवसाला 10,000 लिटर पाणी शुद्ध करू शकणारं संयंत्र उभं राहिलं. त्यामुळे ‘गंजच तो’ म्हणायची मला आता लाज वाटते.

तुम्ही हा प्रयोग करणार असाल तर उघड्यावर करा. ऋण टोकाला हायड्रोजन सुटतो, हवेत तो 4 टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे नकोत. आणि घरात सहज सापडतो म्हणून स्टेनलेस स्टीलचा चमचा मुळीच लावू नका. त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि त्याचं एक रूप विषारी असतं. साधं, गंजणारं लोखंडच घ्या.