दूरध्वनी, दूरवाणी आणि थोरसप

बँकॉकला जाऊन आलो म्हटलं, की लोक आधी तिथल्या बाजाराची चौकशी करतात. मला मात्र तिथल्या पाट्यांनीच गुंतवून ठेवलं. उचगावसारख्या सीमाभागातल्या गावात वाढलेल्या माणसाची नजर कुठंही गेली तरी आधी पाटीकडं जाते, त्याला इलाज नाही!

बंगळुरूहून विमानानं साधारण चार तास. विमानतळाचं नावच सुवर्णभूमी. बाहेर पडलो आणि पाट्या दिसल्या. गोलगोल वळणाची, शिरोरेघ नसलेली अक्षरं. लांबून कन्नडच वाटावीत, पण जवळ गेलं की एकही लागेना. हे साम्य उगाच नाही. थाई लिपी आली ख्मेर लिपीवरून आणि ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीवरून. म्हणजे कन्नड आणि देवनागरीसारखीच तीही ब्राह्मीच्या घराण्यातली. तिथली मुलं मुळाक्षरं गिरवतात तीही क-वर्ग, च-वर्ग याच क्रमानं. आपल्याकडं 'क कमळाचा', तर तिथं 'को काय', म्हणजे क कोंबडीचा! कन्नडमध्येही कोंबडीला 'कोळी'च म्हणतात की.

डोळ्यांना जे लागलं नाही ते कानांना लागलं. शहरावरून खांबांवर धावणारी रेल्वे १९९९ साली सुरू झाली. तिच्या डब्यात दर थांब्याआधी 'सथानी' असा शब्द ऐकू येतो. सथानी म्हणजे स्टेशन, आपलं 'स्थान'. गाडीला 'रोत' म्हणतात, तो आपला रथ. आगगाडी म्हणजे 'रोत फाय'. यातला 'फाय' म्हणजे आग, हा मात्र अस्सल थाई शब्द. आपण आगीची गाडी केली, कन्नडनं वाफेची 'उगिबंडी' केली आणि त्यांनी आगीचा रथ.

सगळ्यात गंमत टेलिफोनची. मराठीत दूरध्वनी, कन्नडमध्ये दूरवाणी, थाईमध्ये 'थोरसप', म्हणजे दूर-शब्द. नवी वस्तू आली तेव्हा तिघांनीही जुन्या एकाच पेटीत हात घातला; हाती आलेलं नाणं तेवढं वेगळं.

शहराच्या नावाचंही तसंच. जग बँकॉक म्हणतं, तिथली माणसं 'क्रुंग थेप' म्हणतात. थेप म्हणजे देव. क्रुंग थेप म्हणजे देवांची नगरी. पूर्ण नाव तर जगातलं सर्वांत लांब ग्रामनाम मानलं जातं. त्यात इंद्र आहे, अयोध्या आहे, विश्वकर्माही आहे. दोन्ही नावं वर्षानुवर्षं शेजारी नांदतात. २०१४ साली बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, तेव्हा दोन्हीकडं किती जीव दुखावले आणि किती सुखावले, ते आपण पाहिलंय. म्हणून त्या शहराचं हे समंजसपण मनात राहिलं.

आपली पोरं घरात मराठी बोलतात, शाळेत कन्नड लिहितात. दोन लिप्यांचं ओझं होतं, अशी तक्रार आईबाप करतात. मला वाटतं, ते ओझं नव्हे, शिदोरी आहे. कन्नड वळणाची सवय नसती, तर ती अक्षरं मला नुसती नक्षी वाटली असती; आणि मराठी नसती, तर रोतमधला रथ ऐकू आला नसता.

तिथं ओळखीचं माणूस भेटलं की विचारतात, "किन खाव रू यांग?" म्हणजे, "भात खाल्लास का?" याचा अर्थ मला समजावून सांगावा लागला नाही. "जेवलास काय?" आणि "ऊट आयता?" ऐकतच तर आपण मोठे झालो.