मधून कोण चाललं?

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात देवाशी करार होताना अब्राम (पुढचा अब्राहाम) एक कालवड, एक शेळी आणि एक मेंढा उभे चिरतो आणि अर्धं अर्धं समोरासमोर मांडतो. मांसावर पाखरं झडप घालतात, त्यांना हाकलत बसतो. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते. अंधार पडल्यावर धुमसती शेगडी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून सरकत जाते. अब्राम चालत नाही.

या विधीतली जोखीम यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात कळते. बाबेलचा वेढा पडला तेव्हा यरुशलेमच्या मातब्बरांनी वासराच्या तुकड्यांमधून चालत जाऊन आपले हिब्रू गुलाम मोकळे केले. वेढा जरा उठला, तशी त्यांना पुन्हा दावणीला बांधलं. देव म्हणतो, आता तुमची गत त्या वासरासारखी करतो. म्हणजे मधून जाणारा स्वतःवरच शाप ओढवून घेतो. आणि अब्रामच्या वेळी शेगडी-मशालीच्या रूपात मधून गेला तो एकटा देव.

सीनाय डोंगरावरच्या कराराचा मामला निराळा. तिथे ‘जर’ आहे, आणि लोक ‘सगळं पाळू’ म्हणून मोकळे होतात. मोशे अजून डोंगरावर आहे तोवरच खाली सोन्याचं वासरू तयार! अनुवादाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आशीर्वादांना चौदा वचनं आणि शापांना चोपन्न. लिहिणाऱ्याला माणसं चांगली ओळखीची असावीत.

मोशे वाइनफेल्ड या अभ्यासकाने 1970 साली या करारांची वाटणी केली: अब्राहाम आणि दावीद यांना मिळालं ते इनाम, सीनायचा तो मांडलिकाशी केलेला तह. वाटणी सोयीची आहे, पण दावीदापाशी मला ती अडते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात देव सांगतो, तुझा मुलगा चुकला तर शिक्षा करीन, पण कृपा काढून घेणार नाही. त्याच मुलाला, शलमोनाला, मात्र तोच देव अटी घालतो, आणि राजांच्या पुस्तकांत यरुशलेमच्या पाडावाचा सगळा हिशोब त्या अटींवरच मांडला आहे.

हा हिशोब चोख आहे, तरी माझा कल एकोणनव्वदाव्या स्तोत्राकडे आहे. तिथे आधी चंद्रसूर्याइतक्या अढळ वचनाची स्तुती आहे, आणि मग एकदम उलटतपासणी: तूच करार झिडकारलास, सिंहासन धुळीला मिळवलंस, दावीदाला वाहिलेली शपथ कुठे गेली? निव्वळ अटीचा करार असता तर भांडायला तोंडच नव्हतं. हा माणूस देवाशी भांडतो, कारण दिलेला शब्द त्याच्या लेखी अजून चालू आहे. त्याला उत्तर मिळत नाही. शेवटचं ‘आमेन’ स्तोत्रांच्या तिसऱ्या भागाचा समारोप म्हणून येतं. तक्रार त्याआधीच, आहे तशी, थांबलेली असते.