शिरवळचा अर्धा दिवस

आमचें मूळ घर वाईस. त्यामुळें पुण्याहून सातार्‍याकडे जाणारी वाट आम्हां घरच्या मंडळींस तोंडपाठ आहे. नीरेचा पूल ओलांडला म्हणजे पुणें जिल्हा संपला, आणि खंबाटकीचा घाट मागें पडला म्हणजे घर आलें, असा आमचा हिशोब. या दोहोंमधलें शिरवळ मात्र आम्हीं इतकीं वर्षें मोटारीच्या कांचेंतूनच पाहिलें. यंदा माघांत आत्याबाईंनीं हट्ट धरला. "चौर्‍यांशी वर्षें या गांवावरून जात आहें, एकदां तरी खालीं उतरूं द्या," असें त्या म्हणाल्या, आणि आम्ही उतरलों.

आजचें शिरवळ म्हणजे कारखाने, पशुवैद्यक महाविद्यालय आणि हमरस्त्याची वर्दळ. जुनें शिरवळ पाहावयाचें तर नदीकडे वळावें लागतें. नीरेच्या कांठीं सुभानमंगळ नांवाचा भुईकोट होता. 'होता' असेंच म्हटलें पाहिजे. कारण नदीनें त्याचा बहुतेक भाग केव्हांच गिळला असून तटाबुरुजांचे थोडे अवशेष तेवढे राहिले आहेत. १६४८ सालीं विजापूरकरांचा सरदार फत्तेखान शिवाजी महाराजांवर चालून आला, तेव्हां त्याच्या बाळाजी हैबतरावानें हें ठाणें घेतलें होतें. महाराजांचें वय त्या वेळीं अवघें अठरा वर्षांचें. त्यांनीं कावजी मल्हारास पाठविलें; कावजीनें कोटावर चालून जाऊन हैबतरावास ठार केलें व ठाणें परत मिळविलें. पुढील पुरंदरच्या लढाईचा हा पहिला विजय होय. आमच्या चिरंजिवांस मोठा दरवाजा, तोफा वगैरे कांहीं न दिसल्यामुळें अंमळ निराशा वाटली. "मग राहिलें काय?" असें त्यानें विचारलें. त्या प्रश्नास आम्हांजवळ तेथें उत्तर नव्हतें.

उत्तराचा आरंभ गांवांतील पाणपोईपाशीं झाला. हेमाडपंती धाटणीची ही दगडी वास्तु फार लहान आहे. घाईनें जाणारास ती दिसावयाचीही नाहीं. आम्ही गेलों त्या दिवशीं आंत पाणी नव्हतें. परंतु घाट चढून-उतरून थकलेल्या वाटसरूसाठीं कोणी इतका टिकाऊ दगड रचावा, या विचारानेंच मन भरून आलें. शत्रूस अडविण्यासाठीं बांधलेला कोट नदींत गेला, आणि तहानलेल्यास थांबविण्यासाठीं बांधलेली पाणपोई उभी आहे!

गांवाबाहेर डोंगराच्या कुशींत पांडवदरा म्हणून ठिकाण आहे. नांव पांडवांचें असलें तरी लेणीं बौद्धांचीं आहेत. एकंदर पंधरा; त्यांत एक चैत्य व बाकीचे विहार. वेरूळ-अजिंठ्याचें वैभव येथें शोधूं नये. बौद्ध धर्माच्या आरंभींच्या काळांतील हीं साधीं लेणीं आहेत. चढ आत्याबाईंस झेपणारा नव्हता. म्हणून त्या पायथ्याशीं झाडाखालीं बसल्या व मुलें वर जाऊन आलीं.

तेथून आम्ही नायगांवास गेलों. शिरवळापासून हें पांच किलोमीटरांवर. ३ जानेवारी १८३१ रोजीं सावित्रीबाई फुले यांचा जन्म येथें खंडोजी नेवसे पाटलांच्या घरीं झाला. तें घर आतां स्मारक म्हणून जतन केलें आहे. या घरांतून लग्न होऊन गेलेली मुलगी पुण्यास अक्षरें शिकली, आणि १८४८ सालीं, म्हणजे सुभानमंगळच्या लढाईनंतर बरोबर दोनशें वर्षांनीं, भिडे वाड्यांत मुलींस शिकवूं लागली. वीस वर्षांनीं, १८६८ सालीं, जोतीरावांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. शिरवळची पाणपोई आम्हांस तेव्हां पुन्हां आठवली.

आत्याबाईंनीं तीस वर्षें मुलींच्या शाळेंत शिकविलें. ओसरीवर टेकून त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग नातीस जवळ घेऊन म्हणाल्या, "माझ्या आईला दुसरीनंतर शाळेंतून काढलें होतें, बाळे. मी शिकलें, नोकरी केली; पण आपल्या घरांत हें नांव कधीं कोणी घेतलें नाहीं. वाड्याची जागा देणारे तात्यासाहेब भिडे आपल्यांतले, असें अभिमानानें सांगत. शाळेच्या वाटेवर तिच्या अंगावर शेण फेकणारेही आपल्यांतलेच होते, हें मात्र कोणी सांगत नसे."

आम्ही सर्व खालीं मान घालून ऐकत होतों. घरांत थोर पुरुषांच्या तसबिरी आहेत, इतिहासाचीं पुस्तकें आहेत; आणि ज्या वाटेनें आम्ही वर्षांतून चार वेळां जातों, तिच्यापासून इतक्या जवळ असलेलें हें घर आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें! अज्ञान म्हणावें, तर रस्ता ठाऊक होता. थांबण्याची इच्छाच नव्हती, हेंच खरें.

संध्याकाळीं खंबाटकी चढतांना चिरंजिवांनीं सकाळचा प्रश्न पुन्हां काढला नाहीं. काय राहिलें तें त्याच्या ध्यानांत आलें असावें. वाचकांपैकीं ज्यांचें या वाटेनें जाणेंयेणें असेल, त्यांनीं एकदां तरी अर्धा दिवस शिरवळास द्यावा. आणि घरांतील वृद्ध स्त्रियांस अवश्य बरोबर न्यावें. त्यांच्या तोंडून जें ऐकावयास मिळेल, तें कोणत्याही फलकावर लिहिलेलें नाहीं.